चित्रातला घोडा आणि संगणकातला बर्फ



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, ते या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले, हे आपले औदार्य. माझ्यासारख्याने येथे ज्ञानेश्वर, तुकाराम किंवा मर्ढेकर यांच्यावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज बर्फावर बोलणार आहे. बर्फ किती अंशांना वितळतो, हे संगणकाला विचारले तर तो काय उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर आपण किती विसंबावे, हा माझा विषय आहे.

हा विषय मी निवडला याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत पाऊस किती पडेल, धरण भरेल की नाही, अमुक औषध गुणकारी ठरेल की नाही, असे अनेक निर्णय संगणकाच्या आकडेमोडीवर होऊ लागले आहेत. त्या आकडेमोडीला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत तिला अनुकरण म्हणा, प्रतिरूपण म्हणा. एखाद्या वस्तूची नक्कल करून त्या नकलेवरून मूळ वस्तूविषयी निष्कर्ष काढणे, असे तिचे स्वरूप आहे. नकलेवरून सत्य कळते काय, हा प्रश्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्या काव्यशास्त्रात त्यावर हजार वर्षांपूर्वी मोठा वाद झाला आहे. त्या वादाच्या प्रकाशात आजच्या विज्ञानातले एक साधे उदाहरण पाहावे, असे मनात आले.

१. प्रथम शब्दांविषयी

भाषेच्या शिक्षकाला शब्दांवरून पुढे जाता येत नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. घन पदार्थ पातळ होण्याला आपल्या मराठीत एक शब्द नाही. बर्फ वितळतो, गूळ पाघळतो, साखर विरघळते. उलट दिशेने पाहिले तर पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आपल्या आया-आज्यांनी हे भेद डोळ्यांनी पाहिले आणि प्रत्येकाला वेगळा शब्द दिला. साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिला दुसऱ्या पदार्थाची सोबत लागते. बर्फ वितळतो तो केवळ उष्णतेने. हा भेद रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिरण्याआधी मराठी क्रियापदांत होता. संतांनीही पाणी आणि गार यांचा दृष्टांत अद्वैतासाठी वारंवार वापरला. रूप निराळे, वस्तू एकच, हे सांगायला याहून सोपे उदाहरण त्यांना सापडले नसावे.

दुसरी गोष्ट खास आपल्या भोपाळकरांसाठी. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून अनेक मराठी कुटुंबे या गावात आली. त्यांच्या मुलांनी विज्ञान हिंदीतून शिकले आणि घरी मराठी बोलले. या मुलांची एक अडचण कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण, आणि अणूंच्या जोडणीने होतो तो ‘रेणू’. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे शाळेतला अणु हा घरातला रेणू! आज मी रेणू म्हणेन तो मराठी अर्थाने. पाण्याचा रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला जोडलेले हायड्रोजनचे दोन अणू, एवढे ध्यानात असू द्यावे.

२. सोपा दिसणारा प्रश्न

बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सेल्सिअस याने १७४२ साली आपली मोजपट्टी बांधली, तेव्हा बर्फाचे वितळणे आणि पाण्याचे उकळणे हेच तिचे दोन खुंट होते. त्याने अंक मात्र उलटे लावले होते. उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर. पुढे ते सुलटे झाले. केल्व्हिनच्या पट्टीवर हे तापमान २७३.१५ अंश होते, आणि आजच्या व्याख्यानात मला हीच पट्टी पुष्कळदा वापरावी लागेल. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्फाचा चुरा, एक पेला आणि तापमापक एवढ्या सामग्रीवर हे तापमान मोजता येते. मे महिन्यात या गावात लग्नघरी बर्फाच्या लाद्या येतात, तेथे तर तापमापकाचीही गरज नाही. लादीभोवती पाणी साचलेले दिसते आणि लादी व ते पाणी एकमेकांना धरून असतात तोवर दोघांचे तापमान बदलत नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मग जे तापमापकाने पाच मिनिटांत कळते, ते संगणकाला विचारायचेच कशाला? उत्तर आधीच ठाऊक आहे म्हणून! नवा वैद्य पारखायचा तर ज्याचा रोग आपल्याला निश्चित माहीत आहे असा रोगी त्याच्यापुढे बसवावा. त्याने रोग बरोबर ओळखला तर पुढच्या, आपल्याला न कळणाऱ्या दुखण्यासाठी त्याचा सल्ला घ्यावा. बर्फाचा द्रवणांक ही संगणकातल्या पाण्याची तशी परीक्षा आहे. ती वाटते त्याहून फार अवघड निघाली.

अवघड का? पाण्याच्या एका लहान थेंबात सुमारे सतरा हा आकडा लिहून त्यापुढे वीस शून्ये द्यावीत तेवढे, म्हणजे १.७ गुणिले १० चा २१ वा घात इतके रेणू असतात. कोणताही संगणक तेवढ्यांचा हिशेब ठेवू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञ काही शे किंवा काही हजार रेणू एका काल्पनिक पेटीत ठेवतात आणि त्या पेटीच्या सर्व बाजूंना तीच पेटी पुन्हा पुन्हा मांडली आहे असे मानतात. आरसेमहालात समोरासमोरच्या आरशांत एकच दिवा शेकडो दिव्यांसारखा दिसतो, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक रेणू दुसऱ्यावर किती ओढ लावतो आणि किती रेटा देतो याचे एक सूत्र त्यांनी ठरवलेले असते. त्या सूत्रावरून प्रत्येक रेणू पुढच्या क्षणी कोठे असेल ते न्यूटनच्या नियमांनी काढायचे. हा ‘क्षण’ म्हणजे सेकंदाचा एक हजार अब्जावा भाग घ्यावा आणि त्याचेही हजार तुकडे करावेत, त्यांतला एक. असे दहा लाख क्षण मोजून झाले म्हणजे खऱ्या काळाचा एक नॅनोसेकंद, सेकंदाचा एक अब्जांश, पुरा होतो.

बर्फाची स्वतःची एक गुंतागुंत आहे. बर्फात ऑक्सिजनचे अणू षटकोनी जाळीत अगदी शिस्तीने बसलेले असतात. प्रत्येकाला चार शेजारी असतात. पण त्यांना जोडणाऱ्या हायड्रोजनांची मांडणी तशी ठरलेली नसते. प्रत्येक ऑक्सिजनाजवळ दोन हायड्रोजन जवळ आणि दोन दूर असावेत, आणि कोणत्याही दोन ऑक्सिजनांमध्ये एकच हायड्रोजन असावा, एवढेच बंधन. हे नियम बर्नल आणि फाउलर यांनी १९३३ साली मांडले, आणि या बंधनातही किती प्रकारच्या मांडण्या संभवतात याचा हिशेब लायनस पॉलिंग याने १९३५ साली केला. वृत्ताचे नियम पाळूनही कवीला शब्दांचे स्वातंत्र्य उरते, तसे हे बर्फाचे स्वातंत्र्य आहे. त्याचा हिशेब चुकला तर द्रवणांकही चुकतो.

३. हैदराबाद आणि पुणे

या विद्येच्या इतिहासात आपल्याकडच्या माणसांचे काम मोठे आहे आणि ते येथे सांगितलेच पाहिजे. १९५७ साली आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकात केवळ कठीण गोळ्यांचे अनुकरण करून दाखवले की परस्परांना मुळीच न ओढणारे गोळेसुद्धा दाटी वाढली की स्फटिकासारखे शिस्तीत बसतात. त्यानंतरचे निर्णायक पाऊल टाकले ते अनीसूर रहमान यांनी. त्यांचा जन्म १९२७ साली हैदराबादेत झाला. पुढे ते अमेरिकेत आर्गॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि १९६४ साली त्यांनी द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंचे अनुकरण प्रसिद्ध केले. खऱ्या द्रवाच्या हालचालीचे ते पहिले विश्वासार्ह गणन मानले जाते. १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू संगणकात घातले. संगणकातले पाणी येथून खऱ्या अर्थाने वाहू लागले. १९८७ साली रहमान वारले. संगणकीय भौतिकीतील एक प्रतिष्ठेचे अमेरिकन पारितोषिक आज त्यांच्या नावाने दिले जाते.

महाराष्ट्रातली कथा पुण्याची आहे. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा भारत सरकारने १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी केली, आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. याच पुण्यात विद्यापीठाच्या भौतिकी विभागात दिलीप कान्हेरे आणि त्यांचे सहकारी धातूंच्या अतिसूक्ष्म पुंजक्यांच्या वितळण्याचा अभ्यास करीत होते. या कामाला सी-डॅकच्या यंत्रांचे साहाय्य झाले.

त्यांनी हाताळलेला एक प्रश्न इतका सुरस आहे की तो थोडा विस्ताराने सांगतो. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो. भोपाळच्या उन्हाळ्यात तो बाटलीत पातळच राहील आणि हिवाळ्यातही तळहातावर ठेवला तर वितळेल. सर्वसाधारण नियम असा, की पदार्थाचा कण जितका लहान तितका तो लवकर वितळतो, कारण त्याचे पुष्कळसे अणू पृष्ठभागावर सैल बसलेले असतात. सोडियमचे लहान पुंजके असेच वागतात. परंतु अमेरिकेत मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाने २००३ साली प्रयोगाने दाखवले की गॅलियमचे ३९-४० अणूंचे पुंजके सुमारे ५५० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे पावणेतीनशे अंश सेल्सिअसच्याही वर, घन राहतात. १७ अणूंचा पुंजका तर त्याहूनही चिवट निघाला. नियम उलटाच झाला! असे का व्हावे?

२००४ साली चाको, कविता जोशी, कान्हेरे आणि फ्रान्समधील ब्लंडेल यांनी याचे उत्तर संगणकीय अनुकरणातून दिले. त्यांनी अणूंमधली ओढ कोणत्याही तयार सूत्राने घेतली नाही. इलेक्ट्रॉनांच्या पुंज-गणितातून ती प्रत्येक पावलाला नव्याने काढली. त्यांना आढळले की मोठ्या तुकड्यात गॅलियमचे बंध अर्धे धातूसारखे असतात, पण लहान पुंजक्यात तेच बंध दोन अणूंनी हातात हात घट्ट धरावा तसे होतात. म्हणून ते सुटायला जास्त उष्णता लागते. प्रयोगाने ‘काय’ सांगितले, अनुकरणाने ‘का’ सांगितले. अनुकरणाचे खरे सामर्थ्य कोठे आहे, ते या उदाहरणातून दिसते. तापमापक द्रवणांक सांगेल, पण अणूंच्या आत काय चालले आहे ते तो सांगणार नाही.

पुणे विद्यापीठातच श्रीधर गद्रे यांनी रसायनशास्त्राच्या अंगाने आणखी एक युक्ती काढली. मोठा रेणू एकदम गणिताला झेपत नाही म्हणून त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाचे गणित वेगळे करायचे आणि मग ते जोडायचे. तिला त्यांनी शिंपीकामाचेच नाव दिले. पाण्याच्या रेणूंच्या पुंजक्यांसाठीही ती पुढे वापरली गेली. बेतणे आणि शिवणे या आपल्या घरगुती क्रिया अशा रीतीने पुंजभौतिकीत जाऊन बसल्या.

४. द्रवणांकाकडे जाणाऱ्या वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकात बर्फ आहे. तो किती अंशांना वितळतो, हे काढायचे कसे?

पहिली वाट कोणालाही सुचेल अशी आहे. बर्फ तापवत जावे आणि कधी वितळतो ते पाहावे. ही वाट फसवी आहे. पेटीला आरसेमहालासारखी सर्व बाजूंनी तीच पेटी लागलेली असल्यामुळे या बर्फाला कडाच नसते. आपल्या पेल्यातला बर्फ कडेपासून वितळू लागतो. ज्याला कडाच नाही त्याने वितळायला सुरुवात कोठून करावी? परिणामी संगणकातला अखंड बर्फ आपल्या खऱ्या द्रवणांकाच्या कित्येक दशक अंश वर जाईपर्यंत घनच राहतो. उलट पाणी थंड करीत गेले तर ते गोठायला तयार नसते. जपानमधील मात्सुमोतो, साइतो आणि ओमिने यांनी २००२ साली शुद्ध पाण्याचे ५१२ रेणू संगणकात आपोआप गोठलेले दाखवले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. त्यासाठी शेकडो नॅनोसेकंद वाट पाहावी लागली होती, म्हणजे कोट्यवधी पावले.

दुसरी वाट लग्नघरातल्या लादीची आहे. पेटीच्या अर्ध्या भागात बर्फ आणि अर्ध्या भागात पाणी ठेवावे. मग निरनिराळ्या तापमानांना पाहावे की दोघांमधली सीमा कोणत्या बाजूला सरकते. पाणी बर्फाला खात असेल तर तापमान द्रवणांकाच्या वर आहे. बर्फ पाण्यात पुढे सरकत असेल तर खाली आहे. ज्या तापमानाला दोघे एकमेकांच्या हद्दीत शिरत नाहीत, तो द्रवणांक.

तिसरी वाट हिशेबनिसाची आहे. निसर्ग ज्या अवस्थेत ‘मुक्त ऊर्जा’ कमी, ती अवस्था पत्करतो. बर्फाची आणि पाण्याची मुक्त ऊर्जा स्वतंत्रपणे काढावी आणि कोणत्या तापमानाला दोन्ही खाती बरोबर जुळतात ते पाहावे. हे गणित किचकट आहे. बर्फासाठी आधी एक असा काल्पनिक स्फटिक घ्यावा लागतो, ज्यातला प्रत्येक अणू आपापल्या खुंटाला स्प्रिंगने बांधलेला आहे. त्याचा हिशेब कागदावर येतो. मग हळूहळू स्प्रिंगा सैल करीत खऱ्या प्रतिरूपापर्यंत यायचे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकाच प्रतिरूपासाठी वेगवेगळ्या गटांची उत्तरे जुळत नसत. पुढे माद्रिदमधील कार्लोस वेगा, होसे अबास्काल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास ही दुसरी आणि तिसरी वाट काटेकोरपणे चालून दाखवली, आणि दोन्ही वाटा एक-दोन अंशांच्या आत एकाच गावी पोचल्या. दोन स्वतंत्र रीतींनी एकच उत्तर आले, तेव्हा कोठे त्या उत्तराला उत्तर म्हणता आले.

५. रीतीचे गुण आणि उत्तराचे गुण

आणि ते उत्तर काय होते? येथे श्रोत्यांनी थोडे सावरून बसावे.

पाण्याची जी प्रतिरूपे जगभर नित्य वापरली जातात त्यांतले एक ‘टिप-थ्री-पी’. ते १९८३ सालचे. प्रथिनांच्या आणि औषधांच्या संशोधनात शरीरातले पाणी म्हणून हेच फार वेळा घेतले जाते. त्याचा बर्फ वितळतो १४६ केल्व्हिनला, म्हणजे उणे १२७ अंश सेल्सिअसला! ‘एस्‌पीसी-ई’ या दुसऱ्या प्रतिरूपाचा २१५ केल्व्हिनला, म्हणजे उणे ५८ ला. ‘टिप-फोर-पी’चा उणे ४१ ला. त्याची २००५ साली सुधारलेली आवृत्ती उणे २१ पर्यंत आली. आणि त्याच वर्षी तयार झालेले ‘टिप-फोर-पी-आइस’ २७२ केल्व्हिनला, म्हणजे खऱ्या द्रवणांकाच्या एका अंशाच्या आसपास, वितळले.

हे ऐकून कोणी म्हणेल, अखेर संगणकाने बर्फाचा द्रवणांक शोधून काढला. तसे म्हणता येणार नाही. ‘टिप-फोर-पी-आइस’ हे प्रतिरूप बर्फ योग्य तापमानाला वितळावा, याच हेतूने बेतलेले आहे. ज्या मुलाला उत्तर आधी सांगून ठेवले, त्याने ते बरोबर लिहिले तर त्याचे कौतुक करू नये. त्याला उत्तर न सांगितलेले दुसरे प्रश्न घालावेत. बर्फ किती वेगाने वाढतो, दाबाखाली तो कोणकोणती रूपे घेतो, वायू कोंडून धरणारा बर्फ कसा तयार होतो, हे ते दुसरे प्रश्न. त्यांत हे प्रतिरूप पुष्कळसे चांगले उतरले, म्हणून त्याला मान.

याहून बोधप्रद उदाहरण ‘टिप-फाइव्ह-पी’चे आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हा गुण साधावा म्हणून २००० साली ते रचले गेले. त्याचा बर्फ वितळतो २७४ केल्व्हिनला. केवढे अचूक! पण तपशिलात गेल्यावर आढळले की या प्रतिरूपात आपल्या नेहमीच्या वातावरणदाबाखाली आपला षटकोनी बर्फ खरा स्थिर नसतोच. तेथे ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ म्हणून ओळखला जाणारा बर्फ जास्त स्थिर ठरतो, जो निसर्गात हजारो वातावरणांच्या दाबाखालीच स्थिर असतो. म्हणजे उत्तर बरोबर आणि रीत चूक.

आपल्या शाळांत गणिताच्या पेपरात रीतीला वेगळे गुण असत आणि उत्तराला वेगळे. पाठीमागचे उत्तर पाहून उलटे गणित करणाऱ्या मुलाला चांगला शिक्षक पहिल्या ओळीतच ओळखी. ज्या गुरुवर्यांचे आपण आज स्मरण करतो आहोत त्यांची वही तपासण्याची शिस्त माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. विज्ञानाच्या जगात तीच शिस्त आजही चालते. फक्त वही मोठी झाली आहे.

आणखी एक मर्यादा सांगून हा भाग पुरा करतो. जड हायड्रोजनाचे पाणी घेतले तर त्याचा बर्फ ३.८ अंश सेल्सिअसला वितळतो. न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या अनुकरणात अणूचे वजन बदलल्याने द्रवणांक बदलूच शकत नाही, ओढ तीच राहिली तर उत्तर तेच यायला हवे. निसर्गात मात्र ते पावणेचार अंशांनी बदलते. हायड्रोजन इतका हलका आहे की तो पुंजनियमांनी थरथरतो, आणि ते थरथरणे या साध्या प्रतिरूपांत धरलेले नसते. अलीकडे पुंज-गणितावर शिकवून तयार केलेली, यंत्राने स्वतः शिकलेली प्रतिरूपे ही उणीव भरून काढू पाहत आहेत.

६. चित्रतुरग

आता काव्यशास्त्राकडे येतो. भरतमुनींच्या रससूत्रावर भाष्य करताना श्रीशंकुक याने एक विलक्षण दृष्टांत दिला. भिंतीवर घोड्याचे चित्र आहे. ते पाहून आपण म्हणतो, ‘हा घोडा’. ही प्रतीती कोणत्या जातीची? हा खराच घोडा आहे असे आपण मानीत नाही, म्हणून ती सम्यक् नव्हे. आपण फसलेलोही नाही, म्हणून मिथ्या नव्हे. घोडा की दुसरे काही, असा संशयही नाही. हे घोड्यासारखे काहीतरी आहे, असे सादृश्यही आपण मनात म्हणत नाही. या चारींहून निराळी अशी ही प्रतीती आहे. रंगभूमीवरच्या नटाला आपण राम म्हणतो ते असेच, आणि त्या अनुकृत रामावरून आपण त्याच्या भावाचे अनुमान करतो. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात.

संगणकातले पाणी मला चित्रतुरग वाटते. ते ओले करीत नाही, तहान भागवीत नाही. त्यात तीन किंवा चार बिंदूंवर थोडे विद्युतभार ठेवलेले असतात, एवढेच. तरी शास्त्रज्ञ त्याला पाणीच म्हणतो, त्यावरून अनुमान करतो, आणि ते अनुमान पुष्कळदा खरे ठरते. उणे १२७ अंशांना वितळणारे पाणीही शरीराच्या तापमानाला प्रथिनाभोवती बऱ्यापैकी पाण्यासारखे वागते. चित्रातल्या घोड्यावर बसता येत नाही म्हणून चित्र खोटे ठरत नाही. मात्र चित्रावरून घोड्याचा रंग कळेल, वजन कळणार नाही. प्रत्येक अनुकृती काही प्रश्नांसाठी असते, सर्व प्रश्नांसाठी नसते.

शंकुकाच्या या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी कठोर आक्षेप घेतला. तो आक्षेप मला आजच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. अनुकरण ओळखायचे तर मूळ वस्तू पाहिलेली हवी. रामाच्या मनातला भाव कोणी पाहिला आहे? मग नट त्याचेच अनुकरण करतो आहे, हे ठरवायचे कशावरून? बर्फाच्या बाबतीत आपल्याजवळ मूळ आहे, तापमापक आहे, म्हणून प्रतिरूपाचे चुकणे आपण पकडू शकलो. जेथे मूळ कोणी पाहिलेलेच नाही, तेथे काय करावे?

याचेही एक उदाहरण बर्फातच सापडते. १९८८ साली डेमॉन्टिस, लेसार आणि क्लाइन यांनी संगणकीय अनुकरणावरून भाकीत केले की प्रचंड दाबाखाली असा बर्फ असावा, ज्यात ऑक्सिजनचे अणू स्फटिकात बसलेले आहेत आणि हायड्रोजन मात्र द्रवासारखे त्यातून वाहत आहेत. म्हणजे अर्धा गोठलेला, अर्धा वितळलेला! असा बर्फ कोणी पाहिला नव्हता. युरेनस आणि नेपच्यून यांच्या पोटात तो असेल असा तर्क होता. तीस वर्षांनी, २०१८ आणि २०१९ मध्ये, अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने शक्तिमान लेसरचे आघात करून तो क्षणभर निर्माण केला आणि ओळखला. सुमारे १९ लाख वातावरणांच्या दाबाखाली त्याचा द्रवणांक ५००० केल्व्हिनच्या आसपास निघाला. शंकुकाचे अनुमान येथे जिंकले असे कोणी म्हणेल. मी म्हणेन की भट्टतौतांची अट शास्त्रज्ञांनी तीस वर्षे विसरली नाही. मूळ वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावरच त्यांनी त्या बर्फाला बर्फांच्या यादीत अठरावा क्रमांक दिला.

७. आपण काय न्यावे

आपण म्हणाल, प्राध्यापक महाशय, पाण्याच्या प्रतिरूपाशी आमचा काय संबंध? २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही गारपिटीने उभी पिके झोपवली, हे आपणांपैकी ज्यांची शेती आहे त्यांना विसरता येणार नाही. ढगातले शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३५ अंशांच्याही खाली पातळ राहू शकतात. ते केव्हा आणि कशाच्या आधाराने गोठतात, हा गारेच्या जन्माचा प्रश्न आहे, आणि तो नेमका ‘संगणकातले पाणी केव्हा गोठते’ या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. त्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरे मिळालेले नाही. उद्या मिळेल ते बहुधा अनुकरणाच्या साहाय्याने मिळेल, आणि तेव्हा त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे शेतकऱ्याला, अधिकाऱ्याला, आमदाराला ठरवावे लागेल. या सभागृहातून शिकून गेलेली मुले त्या तिन्ही जागी बसलेली असतील.

त्या वेळी त्यांनी विचारायचे प्रश्न चारच आहेत, आणि ते विचारायला भौतिकीची पदवी लागत नाही. या प्रतिरूपात तुम्ही काय घातले? जे बाहेर आले त्यातले किती तुम्ही आधीच आत ठेवले होते? दुसऱ्या रीतीने केले तर तेच उत्तर येते का? आणि मूळ वस्तूशी ते कोठे ताडून पाहिले? उणे १२७ आणि उणे १ या दोन उत्तरांमधले अंतर ज्यांनी मिटवले, त्यांनी मोठे संगणक वापरले हे खरे. पण आधी त्यांनी स्वतःला हे चार प्रश्न विचारले होते. संगणकाला संपूर्ण खोटा ठरवणारा मनुष्य आणि त्याच्या प्रत्येक आकड्यापुढे मान तुकवणारा मनुष्य, हे दोघेही या प्रश्नांपासून सारखेच पळ काढीत असतात.

ज्याच्या नावाशी या गावातला मोठा तलाव जोडला जातो, तो राजा भोज काव्यशास्त्राचा ग्रंथकार होता आणि स्थापत्यावरचा ग्रंथही त्याच्या नावावर आहे. पाणी अडवणे आणि रसाची चर्चा करणे ही दोन कामे एका माणसाने करू नयेत, असे त्या काळी कोणाला वाटले नाही. आपल्या शाळांत दहावीनंतर मुलांना ‘विज्ञानाचा’ आणि ‘भाषेचा’ अशा दोन रांगांत उभे करतात. विज्ञानाच्या रांगेतल्या मुलाला शंकुक आणि भट्टतौत भेटत नाहीत, आणि भाषेच्या रांगेतल्या मुलाला रहमान आणि कान्हेरे भेटत नाहीत. दोघांचेही नुकसान होते. या संस्थेने निदान वर्षातून एक दिवस दोन्ही रांगा एकत्र बसवाव्यात, मराठीच्या शिक्षकाने बर्फ शिकवावा आणि विज्ञानाच्या शिक्षकाने दृष्टांतअलंकार, अशी माझी व्यवस्थापक मंडळाला नम्र सूचना आहे. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.